एक तारीख, चार ठिकाणं: आभासी संग्रहालयातून युद्धकाळ कसा शिकवावा

शाळेतली आभासी सहल बहुतेक वेळा अशी होते. लिंक उघडते, सर माउस फिरवतात, पडद्यावर काचेची कपाटं एकामागून एक सरकतात, मागच्या बाकावरची पोरं पंख्याकडे बघत बसतात आणि घंटा होते. दुसऱ्या दिवशी विचारलं तर 'लंडनचं म्युझियम पाहिलं' यापलीकडे कोणाला काही सांगता येत नाही. यात पोरांचा दोष नाही आणि नेटचाही नाही. प्रश्न न घेता संग्रहालयात गेलं, तर प्रत्यक्ष तिकीट काढून गेलं तरी हेच होतं.

हा लेख जळगाव, धुळे, नंदुरबारकडे आठवी ते दहावीला इतिहास शिकवणाऱ्यांसाठी आहे. विषय दुसऱ्या महायुद्धाचा घेतलाय, कारण आठवीच्या पुस्तकात छोडो भारत आणि आझाद हिंद सेना येते आणि दहावीला उपयोजित इतिहास व ऐतिहासिक ठेव्यांचं जतन येतं. एकाच उपक्रमात दोन्ही बसतात. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: पडद्यावरची भेट हा मधला तुकडा असावा. तिच्याआधी आपल्या भागातला प्रश्न हवा आणि तिच्यानंतर आपल्या भागातला पुरावा.

आधी तारीख धरा, संग्रहालय नंतर

'दुसरं महायुद्ध' एवढा विषय घेऊन वर्गात गेलात तर हरवलात. एक तारीख घ्या. मी १४ एप्रिल १९४४ सुचवतो. पोरांना ती १४ एप्रिल म्हणून पाठच असते, बाबासाहेबांची जयंती. त्या दिवशी बाबासाहेब ५३ वर्षांचे झाले आणि ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. इथून सुरुवात केली की वर्ग लगेच जागा होतो.

आता त्याच शुक्रवारी आणखी काय काय घडत होतं ते फळ्यावर मांडा.

शिंदखेडा तालुक्यात चिमठाण्याजवळ, धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना भूमिगत क्रांतिकारकांनी लुटला. रक्कम सुमारे साडेपाच लाख रुपये. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि खानदेशचे डॉ. उत्तमराव पाटील ही त्यातली नावं.

मुंबईत व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज पेटलं. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, सोन्याच्या विटा होत्या आणि कापसाच्या गाठी होत्या. दुपारी धूर दिसला, चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासात दुसरा. मृतांचे अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत जातात. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. आजही देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठीच.

मणिपुरात मोइरांगला आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकवला. तिथून जवळच इंफाळला आणि उत्तरेला कोहिमाला लढाई पेटलेली होती आणि समोर ब्रिटिश भारतीय सेनेत लढणारेही आपलेच लोक होते.

आणि अॅमस्टरडॅममध्ये एका गोदामाच्या मागच्या खोल्यांत नाझींपासून लपून बसलेली चौदा वर्षांची ज्यू मुलगी अॅन फ्रँक डायरी लिहीत होती. त्या शुक्रवारची नोंद तिच्या डायरीत आहे.

ही चार ठिकाणं नकाशावर टिंबांनी दाखवा आणि वर्गालाच विचारा, 'या चारांचा एकमेकांशी संबंध आहे का?' उत्तर लगेच देऊ नका. पुढच्या सगळ्या तासिका या एका प्रश्नावर चालतात.

कापसाच्या गाठींपाशी मात्र थांबा. गाठी कराचीला चढवल्या होत्या, आपल्याकडच्या नव्हत्या, हे आधीच सांगा. नाहीतर पोरं हौसेनं खानदेशचा कापूस त्या जहाजात घालतील. पण जिनिंगला लागलेली आग कशी असते हे जळगाव, धरणगाव, चोपड्याकडच्या पोरांना पाहून माहीत आहे. वरून विझलेली दिसते आणि गाठीच्या आत धुमसत राहते. एकाच जहाजात कापूस आणि दारूगोळा का भरला असेल, हा प्रश्न ही पोरं मुंबईच्या पोरांपेक्षा चांगला विचारतात. जहाजांची टंचाई, घाई, युद्धाची निकड, सगळं या एका प्रश्नातून निघतं.

कोणतं संग्रहालय, कशासाठी

'व्हर्च्युअल म्युझियम' या नावाखाली तीन निराळे प्रकार येतात. तिन्हींसाठी तयारीही निराळी लागते.

पहिला प्रकार म्हणजे वस्तू आणि छायाचित्रांचा साठा. लंडनचं इंपीरियल वॉर म्युझियम १९१७ साली स्थापन झालं आणि त्याचा मोठा संग्रह ऑनलाइन शोधता येतो. इटली, ब्रह्मदेश, उत्तर आफ्रिका इथल्या भारतीय सैनिकांची छायाचित्रं त्यात आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या, युद्धात मेलेल्यांच्या कबरी सांभाळणाऱ्या संस्थेचा शोधसाठा तर खास आपल्यासाठी आहे. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सुमारे १७ लाख लोकांच्या नोंदी त्यात आहेत. आपल्याकडे राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल आहे. तिथं कागदपत्रं मिळतात, पण इंग्रजी टंकलिखित पानं आठवीच्या पोरांपुढे ठेवून उपयोग नाही. ती शिक्षकाने वाचायची.

दुसरा प्रकार म्हणजे वास्तूत फिरवणारी आभासी सहल. यात अॅन फ्रँक हाउसचं काम मला सगळ्यात उपयोगी वाटतं. ६ जुलै १९४२ ते ४ ऑगस्ट १९४४ एवढा काळ अॅनचं कुटुंब ज्या खोल्यांत लपून राहिलं त्या खोल्यांत पडद्यावर फिरता येतं. गंमत अशी की प्रत्यक्ष संग्रहालयात या खोल्या रिकाम्या आहेत, अॅनच्या वडिलांच्या इच्छेनुसार रिकाम्याच ठेवल्यात. ऑनलाइन सहलीत मात्र सामान मांडून दाखवलंय. दहावीच्या वर्गाला हे सांगा आणि विचारा, 'यातलं खरं कोणतं? रिकामी खोली की भरलेली?' जतन म्हणजे काय, या धड्यासाठी याहून चांगला प्रश्न मला सापडलेला नाही.

तिसरा प्रकार थेट कार्यक्रमाचा. संग्रहालयातला माणूस व्हिडिओवर येऊन तुमच्या वर्गाशी बोलतो. न्यू ऑर्लिन्सच्या राष्ट्रीय दुसरं महायुद्ध संग्रहालयासारख्या संस्था शाळांसाठी असे कार्यक्रम करतात. ऐकायला भारी वाटतं, पण आधी घड्याळ बघा. न्यू ऑर्लिन्सला सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ झालेले असतात. पाचोऱ्याच्या शाळेत रात्री साडेआठला कोण थांबणार? युरोप सोयीचा आहे. अॅमस्टरडॅमचे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे दीड, हिवाळ्यात अडीच. हिरोशिमा त्याहून सोयीचं, कारण जपान आपल्यापुढे साडेतीन तास आहे. तिथले दुपारचे अडीच म्हणजे आपले सकाळचे अकरा.

थेट कार्यक्रम मिळाला तर ईमेलमध्ये चार गोष्टी लिहाच: इयत्ता, संख्या, मुलांचं माध्यम मराठी आहे आणि आमच्याकडे एकच पडदा आहे. प्रत्येक दोन-तीन वाक्यांनंतर थांबा, आम्ही मराठीत सांगू, असंही कळवा. ते लोक आनंदाने थांबतात. शुल्क आहे का तेही तेव्हाच विचारून घ्या.

पहिल्यांदाच करत असाल तर थेट कार्यक्रमाच्या नादी लागू नका. साठ्यातल्या दोन वस्तू आणि एक आभासी खोली एवढ्यावर आठवडाभराचं काम निघतं.

वीज, नेट आणि उजेड

हा भाग कोणी लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर.

त्या दिवशी नेट चालणार नाही असं गृहीत धरून तयारी करा. लागणारी छायाचित्रं आदल्या आठवड्यातच मोठ्या आकारात उतरवून घ्या आणि पेन ड्राइव्हवर ठेवा. आभासी खोलीत स्वतः फिरा आणि ते फिरणं स्क्रीन रेकॉर्डिंगने टिपून ठेवा, आठ-दहा मिनिटांचं पुरे. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळांना तर हाच मार्ग आहे. तालुक्याच्या गावी बसून सगळं उतरवायचं आणि शाळेतल्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावायचा. उतरवताना प्रत्येक चित्राच्या पानावरच्या वापराच्या अटी वाचा. बहुतेक ठिकाणी वर्गात दाखवायला हरकत नसते, पण तेच चित्र शाळेच्या यूट्यूब चॅनलवर टाकणं वेगळं.

थेट व्हिडिओ असेल तर तासाला एक ते दीड जीबी डेटा धरून चाला. एकाच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर विसंबू नका. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला आणखी एक फोन चार्ज करून हाताशी ठेवा. बाकी सगळ्यांचे फोन त्या वेळी नेटवरून काढायला सांगा, मुख्याध्यापकांचासुद्धा.

प्रोजेक्टर असेल तर उजेडाचा प्रश्न येतोच. आपल्याकडे दुपारी अकरानंतर वर्गात इतका प्रकाश असतो की भिंतीवर नुसती पांढुरकी सावली दिसते. खिडक्यांना गोणपाट किंवा जाड चादरी लावा, आणि जमलं तर सकाळचा पहिला तास घ्या. मार्च-एप्रिलमध्ये बंद खिडक्यांच्या खोलीत साठ पोरं बसवू नका. जिथं टीव्ही आहे तिथं वर्ग अर्धा-अर्धा करा. निम्मी पोरं पडद्यासमोर, निम्मी नकाशाच्या कामाला, आणि वीस मिनिटांनी अदलाबदल. मागच्या बाकाला पडद्यावरची अक्षरं वाचता येत नसतील तर ती भेट झालीच नाही असं समजा.

आणि आवाज. टीव्हीचा आवाज भरल्या वर्गात पोचत नाही. गणपतीत लागतो तसला छोटा ब्लूटूथ स्पीकर कोणाकडे ना कोणाकडे असतोच, तो मागून घ्या.

भेटीच्या आदल्या तासाला

एक तासिका नकाशा आणि कालपट्टीला द्या. कालपट्टीवर फार नको: १ सप्टेंबर १९३९ला युद्ध सुरू, ३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांना न विचारता भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं, डिसेंबर १९४१मध्ये पर्ल हार्बर, फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून, ऑगस्ट १९४२ला छोडो भारत, १९४३ला बंगालचा दुष्काळ, ऑगस्ट १९४५ला अणुबॉम्ब आणि शेवट. या युद्धात भारतीय सैन्यात सुमारे २५ लाख माणसं होती, हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात मोठा लिहून ठेवा.

९ सप्टेंबर १९४२ हा दिवस नंदुरबारच्या पोरांना सांगावा लागत नाही. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती त्या दिवशी गोळीबारात गेले. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. पण त्या गोळीबाराच्या वेळी जग महायुद्धात होतं, सरकार जपान्यांच्या भीतीने बिथरलेलं होतं, ही जोडणी फारशी कोणी करून देत नाही. कालपट्टीवर रंगूनच्या पुढे नंदुरबार लिहिलं की ती आपोआप दिसते.

याच तासाला शब्दही द्या, दहाच्या वर नकोत: छावणी, निर्वासित, सेन्सॉर, रेशन, ब्लॅकआउट असे. आणि घरी विचारायला एकच प्रश्न: 'आपल्या घरात भोकाचा पैसा आहे का?'

प्रत्यक्ष भेट: एका वस्तूला दहा मिनिटं

पूर्ण संग्रहालय दाखवायचा मोह आवरा. एका तासिकेत तीन वस्तू म्हणजे झाल्या.

पद्धत अशी. चित्र लावा, पण खालची माहिती झाका. पहिली दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही, फक्त बघायचं. नंतर फक्त 'काय दिसतं' ते सांगायचं, 'काय वाटतं' ते नाही. इथं प्रमाण मराठीचा आग्रह सोडा. 'हाई काय शे?' असं अहिराणीत विचारलं की जी पोरगी वर्षभर तोंड उघडत नाही ती बोलायला लागते. रावेर-यावलकडे लेवा बोली चालू द्या, सातपुड्यात पावरी, भिली. लिहायच्या वेळी प्रमाण मराठीत लिहितील.

त्यानंतर चार प्रश्न, याच क्रमाने. ही वस्तू कशाची आहे आणि कोणी वापरली असेल? ती इथपर्यंत कशी आली? हा फोटो असेल तर तो कोणी काढला आणि चौकटीबाहेर काय राहिलं? आणि शेवटी माहितीची ओळ उघडून: आपण म्हणालो त्यातलं काय बरोबर निघालं आणि माहितीच्या ओळीने काय सांगितलं नाही?

तिसऱ्या प्रश्नाला वेळ द्या. युद्धकाळातली बरीच छायाचित्रं सरकारी छायाचित्रकारांनी काढलेली आहेत. हसणारे शिपाई, चकचकीत तोफा, नीटनेटकी इस्पितळं. ही छायाचित्रं खोटी नाहीत, पण कशासाठी काढली ते कळलं पाहिजे. मुंबईच्या स्फोटाचं उदाहरण इथं चपखल बसतं. एवढा मोठा स्फोट, हजारो बेघर, आणि सरकारने बातमी दाबून धरली. बाहेरच्या जगाला ती आधी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगॉन रेडिओवरून कळली. इथल्या वर्तमानपत्रांना मे महिन्यात मोकळीक मिळाली. पोरांना विचारा, तेव्हा धुळ्यात बसलेल्या माणसाला १५ एप्रिलला काय माहीत असेल? चिमठाण्याचं कळलं असेल, मुंबईचं नसेल, मोइरांगचं तर नाहीच.

आता कबरींच्या साठ्याचं काम. हे मोबाइलवर गटागटाने करता येतं. देश आणि युद्ध निवडा आणि आपल्याकडचं आडनाव टाका: पाटील, महाजन, बोरसे, सोनवणे, पवार. स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा, कारण तेव्हाच्या कारकुनांनी कानाला लागेल तसं लिहिलंय. काही नोंदींत वडिलांचं किंवा बायकोचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा सापडतो. जिल्हा शोधताना जळगाव टाकून चालणार नाही. १९०६ साली खानदेशचे दोन भाग झाले, पूर्व आणि पश्चिम. जळगाव तेव्हा पूर्व खानदेशात होतं, धुळे आणि नंदुरबार पश्चिम खानदेशात. तेव्हाचं इंग्रजी 'ईस्ट खानदेश', 'वेस्ट खानदेश', 'धुलिया' असं टाकून बघा. नंदुरबार जिल्हा तर १९९८चा. सापडलेल्या नावाला स्मृतिस्थळ कोणतं दिलंय ते बघा. कोणाचं नाव इटलीत, कोणाचं ब्रह्मदेशात, कोणाचं इजिप्तमध्ये. कोहिमाच्या युद्धस्मशानभूमीत १,४२० कबरी आहेत आणि शेजारी हिंदू व शीख अशा ९१७ सैनिकांचं वेगळं दहनस्मारक आहे. ते वेगळं का, हे पोरं स्वतःच शोधतात.

काहीच सापडलं नाही तरी चालतं. महाराष्ट्रातलं माणूस दाखवायचं तर मराठा लाइट इन्फंट्रीचे दोन व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळवणारे आहेत: रायगडच्या माणगावकडचे यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ला इटलीत पडले, आणि नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५ला इटलीतच सेनिओ नदीवरच्या लढाईत पराक्रम गाजवून जिवंत परतले.

अवघड ठिकाणी कसं जायचं

ज्यूंच्या संहाराचा विषय आला की आपल्याकडच्या वर्गात एक वाक्य हमखास येतं: 'सर, पण हिटलर शिस्तीचा होता.' स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर त्याचं आत्मचरित्र प्रेरणादायी पुस्तकांच्या रांगेत असतं, तेव्हा पोराला दोष कसा द्यायचा? रागावू नका, भाषणही देऊ नका. अॅनने २० जून १९४२च्या नोंदीत लिहिलेली बंधनं वाचून दाखवा: पिवळा तारा लावायचा, सायकली जमा करायच्या, ट्रामने जायचं नाही. यातल्या प्रत्येक बंधनाने कोणाची सोय झाली आणि ते पाळून घ्यायला किती कारकून, पोलीस, शेजारी लागले, हे विचारा. शिस्त कशासाठी वापरली ते पोरांच्याच तोंडून येतं. मग आकडा सांगा: सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले, त्यांत १५ लाखांच्या घरात मुलं.

वर्गात 'तू नाझी, तू ज्यू' अशी नाटकं करू नका. वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालयही अशा अभिनय-खेळांना स्पष्ट नकार देतं. आपल्याकडे स्नेहसंमेलनाच्या सवयीने नाटुकलं बसवायची घाई होते. त्यातून पोरांना दुःख कळत नाही, एक तर हसू येतं किंवा एखाद्या पोराला कायमचं टोपणनाव चिकटतं. प्रेतांच्या ढिगाऱ्यांची छायाचित्रं दाखवू नका, बंगालच्या दुष्काळातली हाडांची माणसंही नकोत. आउशवित्झच्या छावणीची आभासी फेरी आहे, पण ती दहावीच्या आत नको आणि दहावीलाही शिक्षकाने आधी पूर्ण पाहून, तुकड्यातुकड्याने.

वस्तू पुरे असतात. हिरोशिमाच्या शांतता संग्रहालयात जळून कोळसा झालेला एका मुलाचा जेवणाचा डबा आहे. शिगेरू ओरिमेन हे त्याचं नाव, वय तेरा. ६ ऑगस्ट १९४५ला सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला तेव्हा तो शाळेकडून कामाला गेला होता. डबा आईला सापडला, मुलाजवळ. हे चित्र लावल्यावर मला वर्गात कधीच काही समजवावं लागलेलं नाही. पण ते जेवणाच्या सुट्टीच्या आधीच्या तासाला लावू नका. आणि तास संपायच्या आत वर्गाला परत बाहेर आणा. शेवटची दहा मिनिटं लिहायला द्या किंवा नकाशाचं काम द्या. घंटा झाली म्हणून डब्यावरच सोडून जायचं नाही.

कोहिमा-इंफाळचा अवघडपणा वेगळा. एका बाजूला आझाद हिंद सेना, दुसऱ्या बाजूला ब्रिटिश भारतीय सेना. 'मग देशभक्त कोण?' असं पोरगं विचारणारच. कुठलंही एक उत्तर फळ्यावर लिहू नका. गावातून पलटणीत गेलेला शेतकऱ्याचा मुलगा, सिंगापुरात पकडला जाऊन आझाद हिंद सेनेत गेलेला जवान, इथं भूमिगत झालेला तरुण, या तिघांची बाजू तीन गटांना मांडू द्या. इथं अभिनय नको, पुरावे घेऊन बोलायचं. वाद झाला तर होऊ द्या.

युरोप फार लांबचा वाटत असेल तर कोल्हापूरजवळचं वळीवडे आठवा. १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत पुष्कळ मुलं. महाराष्ट्राच्या मातीत खेळलेली ही पोरं पोलंडहून का आली, हा प्रश्न दहावीच्या प्रकल्पाला पुरतो.

भेटीनंतर: आपलं स्वतःचं संग्रहालय

इथं भोकाचा पैसा परत येतो. १९४३ ते १९४७ या काळात पैशाच्या नाण्याला मधोमध भोक असायचं, कारण युद्धामुळे धातू वाचवायचा होता. १९४०पासून रुपयातली चांदीही निम्म्यावर आणली होती आणि कागदी एक रुपया पुन्हा छापायला लागले होते. आजीच्या बटव्यात, देव्हाऱ्यातल्या डब्यात, करदोट्यात ओवलेला असा पैसा खानदेशातल्या पुष्कळ घरांत मिळतो. त्यासाठी इंटरनेट लागत नाही आणि तो हातात घेऊन बघता येतो. इंपीरियल वॉर म्युझियमच्या वस्तूला लावले तेच चार प्रश्न आता या पैशाला लावायचे.

मग पोरांनी घरात, गल्लीत, नात्यात शोधायचं: जुनी पदकं, पेन्शनचे कागद, रेशनच्या आठवणी, भुसावळच्या रेल्वेत तेव्हा काम केलेल्या कुटुंबांच्या गोष्टी. प्रत्येक वस्तूचा पांढऱ्या कापडावर, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता मोबाइलने फोटो. बाजूला मापपट्टी ठेवायची. माहितीच्या ओळीत पाच गोष्टी: वस्तू काय, कुठली, अंदाजे साल, कोणाकडून कळलं, आणि खात्री किती. 'आजोबा सांगायचे' आणि 'कागदावर लिहिलंय' यांतला फरक माहितीच्या ओळीत दिसलाच पाहिजे. वस्तू शाळेत जमा करून घेऊ नका. पदक हरवलं तर तुम्ही काय सांगणार? फोटो पुरे.

ऑनलाइन ठेवायचं तर साधी स्लाइड-फाइल किंवा गूगल साइट चालते. मुलांचे चेहरे, घराचे पत्ते, फोन नंबर त्यात नकोत, आणि पालकांची लेखी संमती घ्या. ज्यांच्या घरची वस्तू आहे त्यांनी 'नको' म्हटलं तर विषय तिथंच संपला.

जिथं जाता येईल तिथं पायी, एसटीने जा. चिमठाण्याचं क्रांतिस्मारक, नंदुरबारचं हुतात्मा स्मारक. धुळ्यात १९२७पासून काम करणारं राजवाडे संशोधन मंडळ आहे, जुना कागद कसा जपतात ते तिथं बघायला मिळतं. जळगावचं गांधीतीर्थ २०१२ साली सुरू झालं, १९४२च्या बाजूने विषय घ्यायचा तर ते सोयीचं. लांबची सहल निघणारच असेल तर नगरच्या रणगाडा संग्रहालयात युद्धातले खरे रणगाडे आहेत. आधी पडद्यावर फोटो पाहिलेला रणगाडा समोर आला की पोरं पहिल्यांदा त्याचं लोखंड किती जाड आहे ते हाताने बघतात.

गुण द्यायचे असतील तर माहितीच्या ओळींना द्या. सुंदर सजावटीला नको. प्रत्येकाला दोनच प्रश्न लेखी: एका वस्तूबद्दल तुला नक्की काय माहीत आहे, आणि कशावरून? बाकी टिपणं, चिकटवह्या सोडून द्या, त्या बहुतेक मोठ्या बहिणी करतात.

वर्षात कधी बसवायचं

१४ एप्रिलला करायचा मोह होईल, पण तेव्हा परीक्षा असतात आणि ऊनही असतं. ऑगस्ट-सप्टेंबर धरा. ६ ऑगस्टला हिरोशिमा, ९ ऑगस्टला क्रांती दिन आणि त्याच तारखेला नागासाकी, ९ सप्टेंबरला शिरीषकुमारचा दिवस. या पाच आठवड्यांत आठवड्याला दोन तासिका मिळाल्या तरी सगळं होतं. हवाही ढगाळ असते, प्रोजेक्टर नीट दिसतो. थेट कार्यक्रम हवा असेल तर संग्रहालयाला ईमेल जूनच्या तिसऱ्या आठवड्यातच पाठवा, म्हणजे शाळा उघडल्या-उघडल्या. युरोपातली माणसं जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टीवर जातात आणि उत्तर यायला महिना लागतो.